कुठे कापायचं, काय जोडायचं

भारतात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा जनुकीय दोष प्रथिनाच्या मजकुराला हातही लावत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यांतलं एकही या दोषानं बदलत नाही. बदलतं ते जनुकाच्या अशा भागातलं एक अक्षर, जो भाग प्रथिन तयार होण्यापूर्वीच पेशी कापून टाकून देते. तरीही आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला, तर बाळ काही महिन्यांतच फिकट पडू लागतं आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त द्यावं लागतं. जो मजकूर टाकूनच द्यायचा, त्यातल्या एका अक्षरानं एवढं आक्रीत कसं घडतं?

उत्तर आहे स्प्लायसिंग या प्रक्रियेत. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघाली की तिच्यातले काही तुकडे कापून काढायचे आणि उरलेले एकमेकांना जोडायचे, हे ते काम. तुकड्यांची निवड बदलली की एकाच जनुकापासून निरनिराळी प्रथिनं निघू शकतात. त्याला पर्यायी स्प्लायसिंग म्हणतात. गेल्या सुमारे ५० वर्षांत या विषयानं ‘एक जनुक, एक प्रथिन’ ही पाठ्यपुस्तकी समजूत मोडीत काढली, काही असाध्य आजारांवर औषधं मिळवून दिली आणि एक वादही उभा केला: पेशीत चाललेली ही सगळी कापाकापी खरंच कामाची असते का? या विषयाच्या तिन्ही बाजूंचा हा आढावा.

तुटक मजकुराचा शोध

१९७७पर्यंतची समजूत सरळ होती. डीएनएवर प्रथिनाची कृती सलग लिहिलेली असते, तिची जशीच्या तशी नक्कल आरएनएत उतरते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. ही समजूत मुख्यतः जिवाणूंच्या अभ्यासातून आलेली होती आणि जिवाणूंपुरती ती बरोबरच होती.

त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी अ‍ॅडिनोव्हायरसचा आरएनए त्याच विषाणूच्या डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही धागे सलग एकमेकांवर बसायला हवे होते. प्रत्यक्षात जोडीदार न मिळालेले डीएनएचे मोठाले फास मधूनमधून बाहेर आलेले दिसले. डीएनएतला बराच मजकूर अंतिम आरएनएत नव्हताच, आणि डीएनएवर एकमेकांपासून लांब असलेले तुकडे आरएनएत शेजारी येऊन बसले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हे काम फिलिप शार्प यांच्या गटात सुझन बर्जेट आणि क्लेअर मूर यांनी केलं. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रिचर्ड रॉबर्ट्स, रिचर्ड गेलिनास, लुईस चाउ आणि थॉमस ब्रोकर यांनी केलं. १९९३चं नोबेल शार्प आणि रॉबर्ट्स या दोघांनाच मिळालं. सूक्ष्मदर्शकावरचं कळीचं काम करणाऱ्या चाउ यांना त्यातून वगळल्याची कुरबूर तेव्हाही झाली आणि अजून होते.

१९७८मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी ठेवल्या जाणाऱ्या तुकड्यांना एक्झॉन आणि टाकल्या जाणाऱ्यांना इंट्रॉन ही नावं दिली. माणसाच्या सर्वसाधारण जनुकात आठ-नऊ एक्झॉन असतात. एक्झॉन जेमतेम दीडशे अक्षरांचा. इंट्रॉन मात्र हजारो, कधी लाखो अक्षरांचा. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक २२ लाख अक्षरांहून मोठं आहे आणि त्याची एक नक्कल काढायला पेशीला सुमारे १६ तास लागतात. त्यात ७९ एक्झॉन आहेत. सगळी कापाकापी झाल्यावर हातात उरतो तो सुमारे १४,००० अक्षरांचा आरएनए. शंभरातलं एक अक्षरही शिल्लक राहत नाही.

कात्री चालते कशी?

एवढ्या पसाऱ्यात नेमकं कुठे कापायचं हे पेशीला कळतं कसं? इंट्रॉनची सुरुवात जवळपास नेहमी ‘जीयू’ या अक्षरांनी होते आणि शेवट ‘एजी’नं. पण ही दोन-दोन अक्षरं मजकुरात जागोजागी असतात, तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या आजूबाजूची अक्षरंही जुळावी लागतात.

ही जुळणी तपासणारं यंत्र म्हणजे स्प्लायसोसोम. यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे पाच छोटे आरएनए आणि शंभराहून जास्त प्रथिनं यांचा हा जमाव प्रत्येक इंट्रॉनवर नव्यानं जमतो आणि काम झालं की पांगतो. या छोट्या आरएनएंचा माग येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी काढला. ल्युपस या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. रुग्णांच्या रक्तातली ती प्रतिपिंडं वापरून त्यांनी हे कण पेशीतून वेगळे काढले आणि स्प्लायसिंगमध्ये त्यांचा हात असावा, असं १९८०मध्ये मांडलं.

क्रम असा. यू१ आपली अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जुळवून तिथे चिकटतो. यू२ इंट्रॉनच्या शेवटाजवळच्या एका ठरावीक ‘ए’ अक्षराची जागा धरतो. मग इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक सुटून त्या ‘ए’ला जोडलं जातं आणि फास तयार होतो. पुढच्या पायरीला शेवटचं टोक सुटतं, दोन्ही बाजूंचे एक्झॉन सांधले जातात आणि फास बाहेर पडतो. ही रसायनक्रिया प्रथिनं करत नाहीत, आरएनएच करतो. २०१५पासून अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनानं या यंत्राची जवळजवळ अणूअणूपर्यंतची चित्रं मिळू लागली. चीनमधले यीगाँग शी, केंब्रिजचे कियोशी नागाई आणि जर्मनीचे राइनहार्ड ल्यूरमन यांच्या गटांचं ते काम.

आता थॅलेसेमियाचं ते एक अक्षर पाहू. बीटा ग्लोबिनच्या जनुकात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. पहिला इंट्रॉन फक्त १३० अक्षरांचा. त्याच्या पाचव्या स्थानावर ‘जी’ असतो आणि यू१ची जी पकड बसते, तिच्यातला तो एक दुवा आहे. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या दोषी जनुकांपैकी निम्म्याच्या आसपास जनुकांमध्ये या ‘जी’च्या जागी ‘सी’ आलेला असतो. डॉक्टर त्याला ‘आयव्हीएस १-५’ म्हणतात. दुवा तुटला की यू१ची पकड सैल होते. मग एरवी कुणी ढुंकूनही पाहत नाही अशा आसपासच्या तीन छुप्या जागांवर कात्री चालू लागते: दोन पहिल्या एक्झॉनच्या आत आणि एक इंट्रॉनमध्ये, तेराव्या अक्षराजवळ. चुकीच्या जागी कापलेल्या आरएनएपासून धड बीटा साखळी निघत नाही. योग्य जागी कापणं अगदीच थांबत नाही, पण जे उरतं ते पुरत नाही. रिचर्ड ट्रीसमन, स्टुअर्ट ऑर्किन आणि टॉम मनियाटिस यांनी १९८३मध्ये हे प्रयोगानं दाखवलं.

त्याच परिसरात आणखी एक दोष आहे. बंगाल आणि ईशान्य भारतात सापडणाऱ्या हिमोग्लोबिन-ई मध्ये पहिल्या एक्झॉनमधलं एक अक्षर बदललेलं असतं. त्यानं एक अमिनो आम्ल तर बदलतंच, शिवाय वरच्या तीन छुप्या जागांपैकी एक जागी होते. म्हणून हिमोग्लोबिन-ई नुसतं वेगळं निघत नाही, कमीही निघतं. भारतात सर्रास आढळणाऱ्या थॅलेसेमियाच्या पाच दोषांपैकी दोन थेट इंट्रॉनच्या सुरुवातीला आहेत. स्प्लायसिंग हा आपल्याकडे केवळ प्रयोगशाळेचा विषय नाही, तो असा.

एकाच जनुकाची अनेक रूपं

इथवर कापण्याची चूक पाहिली. पण जागा बदलून कापणं ही पेशीची नेहमीची रीतही असू शकते. कधी एखादा एक्झॉन गाळला जातो. कधी दोन एक्झॉनपैकी एकच घेतला जातो. कधी एक्झॉनची कड थोडी अलीकडे किंवा पलीकडे धरली जाते, तर कधी अख्खा इंट्रॉन आतच ठेवला जातो. माणसात पहिला प्रकार जास्त, वनस्पतींत शेवटचा.

याचं एक ठळक उदाहरण १९८०मध्येच मिळालं. बी-पेशी आयजीएम हे प्रतिपिंड आधी स्वतःच्या पृष्ठभागावर रोवून ठेवते आणि संसर्ग ओळखला की तेच प्रतिपिंड रक्तात सोडू लागते. जनुक एकच, शेवटचे एक्झॉन कोणते घ्यायचे, एवढाच फरक. पृष्ठभागात रुतणारी शेपटी जोडली तर प्रतिपिंड पेशीवर राहतं, नाही जोडली तर बाहेर पडतं.

१९८२मध्ये सुसान अमारा, रोनाल्ड इव्हान्स, मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी याहून नवलाचं उदाहरण दिलं. थायरॉइड ग्रंथीत जे जनुक कॅल्शियमशी संबंधित कॅल्सिटोनिन हे संप्रेरक तयार करतं, तेच जनुक चेतापेशींत सीजीआरपी नावाचा वेगळाच रेणू तयार करतं. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावतं आणि अर्धशिशीच्या वेदनेत त्याचा मोठा वाटा असतो. २०१८पासून अर्धशिशीवर आलेली प्रतिपिंडाची नवी औषधं हाच रेणू किंवा त्याचा ग्राहक अडवतात. ‘या जनुकाचं काम काय?’ असा प्रश्न इथे अपुरा पडतो. कोणत्या पेशीत, हेही विचारावं लागतं.

फळमाशीत तर नर की मादी हे स्प्लायसिंगच्या साखळीवर ठरतं. सेक्स-लीथल, ट्रान्सफॉर्मर आणि डबलसेक्स ही जनुकं एकामागून एक वेगवेगळ्या तऱ्हेनं कापली जातात आणि शेवटी एकाच जनुकाची नर-आवृत्ती किंवा मादी-आवृत्ती हाती येते. त्याच माशीचं डीस्कॅम हे जनुक या क्षेत्रातला विक्रमवीर. त्यात चार ठिकाणी ‘यांपैकी एकच घ्या’ असे संच आहेत: १२, ४८, ३३ आणि २ एक्झॉनचे. गुणाकार केला तर ३८,०१६ रूपं होतात. अख्ख्या माशीची सगळी जनुकं मिळून सुमारे १४,००० भरतात! हे नुसतं गणित नाही. प्रत्येक चेतापेशी डीस्कॅमची आपली अशी मोजकी रूपं निवडते आणि त्यांवरून स्वतःचे फाटे ओळखून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. ही विविधता काढून घेतली की चेतापेशींची जाळी विस्कटते.

माणसाच्या हृदयातही वयानुसार कापणं बदलतं. टायटिन या प्रथिनाच्या जनुकात साडेतीनशेहून जास्त एक्झॉन आहेत. गर्भात आणि जन्मानंतर लगेच त्याची लांब, लवचीक रूपं जास्त असतात. पुढे आखूड, ताठर रूपं वाढतात. हा बदल आरबीएम२० हे प्रथिन घडवून आणतं. त्यात दोष असेल तर हृदय विस्फारून कमजोर होण्याचा घराण्यात चालणारा आजार होतो.

ताटातल्या भाताचाही इथे संबंध आहे. तांदळात अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर मऊ, चिकट. अमायलोज तयार करणाऱ्या ‘वॅक्सी’ जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनच्या सुरुवातीचा ‘जी’ पूर्व आशियातल्या जापोनिका जातींत ‘टी’ झालेला आहे. त्यामुळे कापणं बिघडतं, योग्य आरएनए कमी निघतो आणि अमायलोज घटतं. थॅलेसेमियात जो बिघाड आजार ठरला, त्याच जातीचा बिघाड तिथल्या शेतकऱ्यांनी चवीसाठी पिढ्यानपिढ्या निवडून जपला.

कोणत्या पेशीत काय ठेवायचं हे ठरवणारी दोन घराणी प्रामुख्यानं माहीत आहेत. एसआर प्रथिनं सहसा एक्झॉन ठेवण्याच्या बाजूनं असतात, एचएनआरएनपी प्रथिनं सहसा गाळण्याच्या. एसआर प्रथिनं ज्यांवर बसतात ती छोटी अक्षरचिन्हं बहुतेक एक्झॉनच्या आतच असतात. म्हणजे एक्झॉनमधला मजकूर एकाच वेळी दोन कामं करतो: प्रथिनाची कृती सांगतो आणि ‘मला ठेवा’ असंही सांगतो. शिवाय चेतापेशींत नोव्हा, स्नायूंत एमबीएनएल अशी त्या त्या ऊतींची खास प्रथिनं असतात. शेवटचा निकाल या सगळ्यांच्या बेरीज-वजाबाकीतून लागतो.

किती कामाचं, किती गोंगाट?

२००१मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा आला तेव्हा जनुकांची संख्या ३० ते ४० हजार निघाली. आधी लाखभराचा अंदाज होता. आता तर प्रथिनं देणारी जनुकं सुमारे २०,००० धरतात, आणि अवघ्या मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स या कृमीचीही तेवढीच आहेत. माणसाची गुंतागुंत मग आली कुठून? पर्यायी स्प्लायसिंगकडे बोट दाखवणं ओघानंच आलं. २००८मध्ये ख्रिस्तोफर बर्ज आणि बेंजामिन ब्लेन्को यांच्या गटांनी निरनिराळ्या ऊतींतल्या आरएनएचं वाचन करून दाखवलं, की एकाहून जास्त एक्झॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकांत पर्यायी स्प्लायसिंग होतं. हा आकडा तेव्हापासून प्रत्येक भाषणात असतो.

पण आरएनए दिसला म्हणजे प्रथिन झालं असं नाही आणि प्रथिन झालं म्हणजे ते कामाचं आहे असंही नाही. मायकेल ट्रेस, अल्फोन्सो व्हॅलेन्सिया आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या मोजणीचे मोठे संच तपासले, तेव्हा बहुतेक जनुकांचं एकच प्रमुख रूप सापडलं आणि बाकी रूपं फारच थोडी. त्यांचा निष्कर्ष असा, की आरएनएत दिसणारी बरीच विविधता ही यंत्राच्या बारीकसारीक चुका आहेत. अकाली थांबा-खूण आलेला आरएनए पेशीची तपासणी यंत्रणा नष्टही करून टाकते. ब्लेन्को यांचं उत्तर असं, की प्रथिनं मोजण्याची आजची तंत्रं कमी प्रमाणातली आणि मोजक्याच पेशींतली रूपं पकडूच शकत नाहीत. २०१६मध्ये मार्क व्हिडाल यांच्या गटानं शेकडो जनुकांची वेगवेगळी रूपं घेऊन ती कोणत्या प्रथिनांशी हातमिळवणी करतात हे पाहिलं. एकाच जनुकाच्या दोन रूपांचे निम्म्याहून जास्त जोडीदार बहुतेक वेळा वेगळे निघाले. उत्क्रांतीचा पुरावा मात्र दोन्ही बाजूंना हात देतो. एकाच अवयवातलं स्प्लायसिंग प्राण्याप्राण्यांत झपाट्यानं बदलतं, हे गोंगाटाच्या बाजूचं. उलट मेंदूत वापरले जाणारे अगदी छोटे, काही वेळा फक्त तीन ते २७ अक्षरांचे एक्झॉन कोट्यवधी वर्षं जसेच्या तसे टिकून आहेत. स्वमग्नता असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत त्यांचंच प्रमाण अनेकदा बिघडलेलं आढळलं आहे.

माझ्या मते ९५ टक्के हा आकडा जाहिरातीसारखा वापरणं आता थांबवावं. तो कापण्याच्या शक्यता मोजतो, कामं मोजत नाही. मात्र ज्या काही हजार ठिकाणी कापणं नियमबद्ध, ऊतीनुसार ठरलेलं आणि उत्क्रांतीत टिकलेलं आहे, तिथे ते जीवन-मरणाचं आहे. हे पटवायला आजारांइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

बिघाडाच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा थॅलेसेमियाची: कापण्याच्या जागेवरच घाव. दुसरी जास्त फसवी आहे. एक्झॉनमधलं अक्षर असं बदलतं, की अमिनो आम्ल तेच राहतं. अशा बदलांना अनेक वर्षं ‘मूक’ म्हणून सोडून दिलं जायचं. ‘पा’ या २००९च्या हिंदी चित्रपटामुळे घराघरांत माहीत झालेला प्रोजेरिया हा आजार बहुतेक रुग्णांत अशाच एका मूक बदलानं होतो. लॅमिन-ए च्या जनुकात ‘सी’चा ‘टी’ होतो, अमिनो आम्ल तेच राहतं; पण एक छुपी जागा जागी होते आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. उरलेलं सदोष प्रथिन पेशीच्या केंद्रकाचा आकार बिघडवतं. हे कारण २००३मध्ये सापडलं.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हे याचंच दुसरं रूप. साधारण १०,००० जन्मांमागे एका बाळाला होणाऱ्या या आजारात मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरतात आणि स्नायू लुळे पडतात. या बाळांत एसएमएन-१ हे जनुक नसतं किंवा निकामी असतं. माणसात त्याचा जवळजवळ हुबेहूब जोडीदार असतो, एसएमएन-२. मग तो कामी का येत नाही? त्याच्या सातव्या एक्झॉनच्या सहाव्या स्थानी ‘सी’ऐवजी ‘टी’ आहे. नारायणराव पेशव्यांच्या गोष्टीत ‘ध’चा ‘मा’ झाल्यानं अर्थ फिरला. इथे अक्षर बदलूनही अर्थ तोच राहतो, पण अख्खं पानच गळतं. ‘मला ठेवा’ ही खूण पुसली गेल्यानं सातवा एक्झॉन बहुतेक वेळा वगळला जातो आणि पूर्ण प्रथिन जेमतेम दहा टक्के तयार होतं.

तिसऱ्या तऱ्हेत मजकूर धड असतो, कापणारेच बिघडतात. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत एका जनुकाच्या टोकाला ‘सीटीजी’ ही अक्षरं शेकडो वेळा वाढतात. त्या लांबलेल्या आरएनएत एमबीएनएल प्रथिनं अडकून पडतात आणि इतर अनेक जनुकांचं कापणं बिघडतं. क्लोराइडच्या वाहिनीचं जनुक चुकीचं कापलं गेल्यानं आवळलेली मूठ चटकन सुटत नाही. एएलएस या चेतारोगात टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकातून बाहेर जाऊन साचतं. ते केंद्रकात असताना जे भलते तुकडे आरएनएत घुसू देत नव्हतं, ते आता घुसतात. एसटीएमएन२ आणि यूएनसी१३ए या जनुकांतले असे तुकडे आता औषधांचे लक्ष्य आहेत.

कर्करोग या तिन्ही तऱ्हा वापरतो. २०११मध्ये मायलोडिस्प्लासिया या रक्तविकारात एसएफ३बी१ या स्प्लायसोसोमच्या प्रथिनाची म्युटेशनं सापडली आणि कात्रीच बिघडल्यानं रक्तपेशी बिनसतात हे कळलं. फुफ्फुसाच्या सुमारे तीन टक्के कर्करोगांत एमईटी जनुकाचा चौदावा एक्झॉन गळतो. त्या एक्झॉनवर प्रथिन वेळेवर मोडण्याची खूण असते. ती गेली की वाढीचा संदेश चालूच राहतो. त्यावर २०२०पासून कॅपमॅटिनिब हे औषध आहे. औषधांना चकवायलाही गाठी हीच युक्ती करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात एआर-व्ही७ हे रूप संप्रेरकाच्या ग्राहकाचा, औषध जिथे बसतं, तोच भाग गाळतं. सीएआर-टी उपचार रक्ताच्या कर्करोगात पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखून मारा करतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेला, २०२३मध्ये परवानगी मिळालेला नेक्सकार१९ त्यातलाच. काही रुग्णांत या उपचारानंतर कर्करोगाच्या पेशी सीडी१९चा दुसरा एक्झॉन गाळून निसटतात, हे २०१५मध्ये अमेरिकेतल्या संशोधनात दिसलं.

एकूण रोगकारक म्युटेशनांपैकी किती स्प्लायसिंग बिघडवतात, याचे अंदाज १५ टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत जातात. नेमका आकडा कोणताही असो, तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कात्रीला वळण लावणारी औषधं

डीएनएला हात न लावता आरएनएचं कापणं बदलता येईल का? १९९३मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झबिग्नेव्ह डोमिन्स्की आणि रिशार्ड कोल यांनी थॅलेसेमियाच्याच सदोष आरएनएवर हे परीक्षानळीत करून दाखवलं. छुप्या जागेला पूरक असा छोटा कृत्रिम धागा चिकटवला की ती जागा झाकली जाते आणि कात्री मूळ जागेकडे वळते.

ही कल्पना रुग्णापर्यंत पोचली ती एसएमएत. २००६मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात भारतीय वंशाचे रवींद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी एसएमएन-२च्या सातव्या इंट्रॉनमध्ये, एक्झॉनला गाळायला लावणारी एक छोटी अक्षरखूण शोधली. ती झाकली तर सातवा एक्झॉन आत राहतो. कोल्ड स्प्रिंग हार्बरचे एड्रियन क्रेनर आणि आयोनिस कंपनी यांनी त्या जागेवर बसणारा १८ अक्षरांचा धागा विकसित केला: न्युसिनर्सेन. तो पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात द्यावा लागतो. आधी चार मात्रा, मग दर चार महिन्यांनी एक. डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. जी बाळं एरवी दोन वर्षंही काढत नसत, त्यांतली काही बसू लागली. लक्षणं दिसण्यापूर्वीच औषध सुरू झालं तर अनेक मुलं चालूही लागली. २०२०मध्ये रिस्डिप्लाम हे तोंडानं घ्यायचं औषध आलं. ते यू१ची सातव्या एक्झॉनच्या कडेवरची पकड घट्ट करतं. वर्तमानपत्रांतून लोकवर्गणीच्या बातम्यांमुळे गाजलेलं ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ मात्र यांहून वेगळं. ती जनुक-उपचार पद्धती आहे.

अडलं ते किमतीपाशी. न्युसिनर्सेनचा अमेरिकेतला पहिल्या वर्षाचा खर्च साडेसात लाख डॉलर होता. भारतात रिस्डिप्लामची बाटली सुमारे सहा लाख रुपयांना विकली जात होती. ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं ते विकणाऱ्या रोश कंपनीचं पेटंटबाबतचं अपील फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप नाकारला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीनं तेच औषध १५,९०० रुपये बाटली या दरानं जाहीर केलं. औषध परवडण्याचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही, हे यातून पुरेसं स्पष्ट होतं.

सगळ्याच कथा एवढ्या उजळ नाहीत. ड्युशेन स्नायूरोगात मधले एक्झॉन गहाळ झाल्यानं पुढचा सगळा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या चुकीच्या गटांत वाचला जातो. शेजारचा एखादा एक्झॉन मुद्दाम गाळून वाचन मार्गावर आणता येतं. प्रथिन आखूड होतं, पण निदान मिळतं. एकावन्नावा एक्झॉन गाळणाऱ्या एटेप्लिर्सेनला अमेरिकेनं २०१६मध्ये बारा मुलांवरच्या चाचणीच्या आधारे, स्वतःच्याच तज्ज्ञांचा विरोध असताना मान्यता दिली. प्रथिन वाढलं ते सामान्य पातळीच्या एक टक्क्याहून कमी. युरोपनं २०१८मध्ये ते नाकारलं. दुसऱ्या टोकाला मिलासेन आहे. बॅटन आजाराच्या एका मुलीच्या इंट्रॉनमध्ये घुसलेल्या भलत्या तुकड्यानं कापणं बिघडलं होतं. बोस्टनच्या टिमोथी यू यांनी फक्त तिच्यासाठी औषध घडवलं आणि निदानापासून साधारण वर्षभरात पहिली मात्रा दिली. तिचे झटके कमी झाले, आजार मात्र हटला नाही.

थॅलेसेमियाचं काय? ज्या आजारावर ही कल्पना पहिल्यांदा आजमावली गेली, त्यावर असं एकही औषध अजून बाजारात नाही. हे धागे यकृतात आणि मज्जारज्जूच्या द्रवात चांगले पोचतात; अस्थिमज्जेत रक्त घडवणाऱ्या पेशींत पुरेसे पोचवणं अवघड जातं. २०२३मध्ये मान्यता मिळालेला क्रिस्पर-उपचार वेगळ्या वाटेनं जातो. तो गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो आणि त्याची किंमत आपल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

निदानातली पोकळी

औषधाआधी निदान लागतं आणि तिथे आजही मोठी फट आहे. जनुकीय आजाराचा संशय आला की आपल्याकडेही आता एक्झोम तपासणी लिहून दिली जाते. तिच्यात एक्झॉन आणि त्यांच्या कडेची थोडी अक्षरं वाचली जातात. इंट्रॉनच्या खोलवर दडलेला दोष तिला दिसत नाही, आणि एक्झॉनमधला मूक बदल दिसला तरी अहवालात तो बहुधा निरुपद्रवी ठरतो. स्प्लायस-एआयसारखे २०१९पासून उपलब्ध असलेले संगणकी कार्यक्रम कापण्याच्या जागेचा अंदाज चांगला बांधतात, पण अंदाज तो अंदाजच. खात्री होते ती रुग्णाच्या ऊतीतला आरएनए वाचल्यावर. २०१७मध्ये अमेरिकेत डॅनियल मॅकआर्थर यांच्या गटानं डीएनए तपासूनही कारण न सापडलेल्या स्नायूरोगाच्या ५० रुग्णांच्या स्नायूंतला आरएनए वाचला. ३५ टक्के रुग्णांचं निदान लागलं.

म्हणून घरात कुणाचा अहवाल ‘काही आढळलं नाही’ असा आला असेल, तर ती फाइल बंद करू नका. जनुकीय सल्लागाराला दोन प्रश्न विचारा: या तपासणीत इंट्रॉन वाचले होते का, आणि आरएनएची तपासणी करता येईल का? शिवाय जुनी माहिती दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं तपासून मागा. डीएनए तोच राहतो, पण तो वाचण्याची समज दरवर्षी वाढते आहे.